दादाचा दुसरा मेंढा

तुम्हीच सांगा वहिनी, विश्वास ठेवायचा तरी कोणावर — तोंडावर नाही म्हणणाऱ्यावर, की आपल्याला पाठुंगळीला घेऊन धावणाऱ्यावर? थांबा, लगेच बोलू नका, आधी बसा. त्या गठ्ठ्यावर बसा, त्यात नर्सांच्या टोप्या आहेत, चुरगळत नाहीत. फोन वाजतोय तो वाजू दे. दादाच असणार. तिकडे मेडिकल बोर्डाच्या फाटकाशी गाडी लावून उभा असेल, डोक्यावरचा काल्पाक मागे सरकवून, घडीघडीला डिकी उघडून मेंढ्याला वारा देत असेल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असेल की बहिणीचं काम आहे. आणि तुम्हाला धाडलंय मला घेऊन यायला. ते तुम्ही गल्लीत शिरलात तेव्हाच कळलं मला — एरवी तुम्ही बाजारात आलात की आधी कुरुतवाल्याशी भाव करत उभ्या राहता, वाळवलेल्या दह्याचे चार खडे चाखता, मग एकही न घेता पुढे येता. आज सरळ माझ्या कंटेनरच्या दुकानापाशी. घ्या, चहा घ्या. नान सकाळचा आहे, पण मऊ आहे अजून.

हो, मला माहीत आहे आज काय आहे ते. आज वर्षाची तपासणी. दर वर्षी जायचं, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की आत जाऊन खोटा पाय काढायचा, चार डॉक्टरांनी खुंटाकडे बघायचं, पाय परत फुटलेला नाही याची खात्री करून घ्यायची, आणि शिक्का. गेल्या साली रांगेत एक म्हातारा होता माझ्यापुढे, एक हात खांद्यापासून गेलेला, लढाईत नाही हो, लाकूड कापायच्या गिरणीत. त्याला विचारलं, आजोबा, काही बदल? तर म्हणाला, यंदा थंडी फार होती, वसंतात बघू, कोंब येईल. सगळा बाक हसला. आतला डॉक्टर मात्र हसला नाही, त्याने लिहून घेतलं — बदल नाही. तर दादा म्हणतो, ही कटकटच नको. या खेपेला बोर्डाच्या साहेबांशी बोलून ठेवलंय, कायमचा दाखला देतील. आपल्या बुरुलला अपंगत्वाचा दुसरा गट, जन्मभरासाठी, पुन्हा म्हणून त्या बाकावर बसायला नको. एक मेंढा आणि जन्माची सुटका. चांगला आहे हो माझा भाऊ. चांगलाच आहे. तेच तर सांगते आहे.

पहिला मेंढा आठवतो ना? काळ्या तोंडाचा, तुम्ही ज्याला तळहातावर मीठ चारायचात. दिला तेव्हा तुम्ही आत जाऊन बसला होतात, मला ठाऊक आहे. मी तेव्हा नुकती इस्पितळातून घरी आले होते. म्हणजे इस्पितळात मी जायचीच रोज, पण नर्स म्हणून. त्या खेपेला पेशंट. बॉयलरसाठी कोळसा आला होता आवारात. लॉरीवाल्याने मागे बघितलं नाही, मी पुढे बघितलं नाही — हातात वॉर्डातल्या पेशंटांच्या लघवीच्या बाटल्या, तपासायला चाललेल्या. चाक पायावरून गेलं तरी मी त्या बाटल्याच सावरत होते. एकही फुटली नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी विनोद करते. गुडघ्याच्या खाली गेला पाय, पण गुडघा राहिला, आणि आमचे सर्जन स्वतः येऊन म्हणाले, बुरुल, गुडघा राहिला म्हणजे तू राहिलीस, पाय बसवून घे आणि कामावर ये. हे शब्द आहेत त्यांचे. मी ते शब्द उशाशी ठेवून झोपत होते.

आणि मग दादा. आपल्या घरात कोणाला ठाऊक होतं, गट म्हणजे काय? पहिला गट अंथरुणाला खिळलेल्यांचा एवढं माहीत होतं. दुसरा आणि तिसरा यात काय, तर आपल्याला वाटलं की दुसरा वरचा आणि तिसरा खालचा, वरच्याला पेन्शन जास्त, मग खालचा का घ्यायचा? माझा तिसराच होता, वहिनी. गुडघा शाबूत, हात शाबूत, डोळे शाबूत. तिसरा गट, हलकं काम करायला मोकळी. न मागता मिळाला असता, कोणाला तळलेला बोरसोकसुद्धा खिलवायला नको. पण दादा सगळीकडे विचारून आला. कोणी सांगितलं, मेंढा लागेल. कोणी सांगितलं, खोटा पाय घालून जाऊ नका, उचलून न्या. कोणी सांगितलं, बसवत नाही म्हणायचं, उभं राहवत नाही म्हणायचं, चार अश्रू गाळायचे. भावाने बहिणीसाठी एवढं करायचं नाही तर कोणासाठी? पहाटे मेंढा साहेबांच्या घरी पोचता झाला, आणि दुपारी दादाने मला गाडीतून उचललं आणि पाठीवर घेतलं. बोर्डाच्या त्या जिन्याला कठडा नव्हता. मी त्याच्या मानेला घट्ट धरून होते, लहानपणी ओढा ओलांडताना धरायची तशी. त्याच्या कोटाला लोकरीचा आणि तंबाखूचा वास होता.

आणि आत गेल्यावर मी रडले. अशी रडले की तिथली लिहून घेणारी बाई उठून पाणी घेऊन आली. साहेबांनी पुढचं विचारलंच नाही, लिहून टाकलं — दुसरा गट, काम करण्यास असमर्थ. बाहेर आलो, गाडीत बसलो, आणि दादा स्टिअरिंगवर हात आपटत हसायला लागला. म्हणाला, "अगं काय रडलीस! मला सांगून ठेवलं होतंस तरी मीच फसलो." आणि मी पण हसले, वहिनी. घरी आल्यावर तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ते, लग्नाकार्यात ऐकलंत, अजून तो सांगतो पाहुण्यांना, आमची बुरुल नाटकात असती तर बिश्केकला गाजली असती. मी हसते. दर वेळी हसते. मी नाटक केलं नव्हतं त्या दिवशी. मी घरून ठरवून गेले होते रडायचं, आणि आत गेल्यावर ठरवलेलं विसरले, आणि मग जे आलं ते — जाऊ दे. नान घ्या ना. तुम्ही काही खातच नाही.

नंतर पाय बसला. बिश्केकहून आणला, सहा महिने खुंट सोलून निघाला, मग मुरला. कोट धुऊन, इस्त्री करून, मी गेले इस्पितळात. फरीदा खामितोव्ना हेड सिस्टर होत्या, अजून आहेत, अजून तशाच, ओठ मिटलेले. त्यांच्या हाताखाली मी शिरा शोधायला शिकले. त्या मला बघून उठल्या, खुर्ची दिली, दाखला मागितला. वाचला. परत घडी घालून माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "जागा आहे. पण यात लिहिलंय की तू काम करू शकत नाहीस. तुला घेतलं आणि तू पेशंटसकट पडलीस, तर मी तुरुंगात जाईन. जा." एवढंच. चहासुद्धा विचारला नाही. मी आवारात आले, त्या बॉयलरपाशी, आणि तिथे मी त्या बाईला जे जे बोलले मनातल्या मनात, ते तुमच्यासमोर बोलण्यासारखं नाही. किती वर्षं मी तिच्या समोरून जाताना मान फिरवली. आणि दादाला मिठी मारली. बघा म्हणजे. तिने कागद वाचला होता फक्त. लिहवून घेतला होता तो आपण.

मग फिरले. डोंगरातल्या त्या गरम पाण्याच्या सॅनिटोरियमला गेले. मॅनेजर फार गोड माणूस, मला घोडीच्या दुधाचं कुमिस पाजलं, मोठ्या बहिणीच्या मानाने म्हणाला, एजे, इथे पाहुणे बरे व्हायला येतात, आल्या आल्या समोर लंगडणारी नर्स दिसली की त्यांचा आमच्या पाण्यावरचा भरवसाच उडेल. आता याच्यावर रागावायचं तरी कसं? बालवाडीत नर्सची जागा होती. तिथली बाई म्हणाली मुलं घाबरतील. मुलं घाबरतील! मी दारात उभी तर सगळी माझ्याभोवती, टकटक करू का, टकटक करू का. एका मुलीने ठोकून बघितलं आणि दुसरीला म्हणाली, आत कोणी नाहीये. मी हसत हसत बाहेर आले आणि फाटकाबाहेर येऊन बसले दगडावर. दाखला मात्र सगळ्यांनी मागितला हं. गोड बोलणाऱ्यांनीसुद्धा शेवटी दाखलाच मागितला, आणि तो वाचून झाल्यावर सगळ्यांना बरं वाटलं, कारण आता नाही म्हणायला त्यांना स्वतःचं तोंड वापरायला नको.

तर असा हा कंटेनर. धंदा मला कोणी शिकवला नाही. पहिल्या खेपेला कारा-सूच्या बाजारातून कोट आणले तर सगळे एका मापाचे, त्या व्यापाऱ्याने घोड्याला बसतील असे दिले. पण एक मला माहीत होतं जे त्याला माहीत नव्हतं. नर्सला खिसा उजवीकडे खोल लागतो, कात्री राहील असा, आणि बाही कोपरापाशी सैल लागते, आणि बटणं पुढून नकोत, वाकलं की पेशंटला टोचतात. मी तसे शिवून घ्यायला लागले. आता या तालुक्यात पांढरा कोट घातलेली बाई दिसली की समजा माझाच. पोरी येतात, नवीन लागलेल्या, आरशासमोर उभ्या राहतात, मी मागून खांद्याची शिवण सरळ करते. शिवण सरळ करताना मला — काही नाही. कापड चांगलं आहे, उकळलं तरी पिवळं पडत नाही.

आणि हा पडदा. पडद्यामागचं तुम्हाला माहीत आहे, अख्ख्या बाजाराला माहीत आहे. इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, माणूस औषध विकत घेतो आणि येतो माझ्याकडे, कारण तिकडे रांग आणि इकडे एजे. आमच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांची आई येते, ऐंशीच्या पुढची, तिच्या शिरा म्हणजे रिकामे धागे. मुलाच्या इस्पितळात जात नाही, म्हणते ते लोक मला भोकं पाडतात. गाडीतून येते, तुम्ही बसलात त्याच गठ्ठ्यावर बसते, आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहतो, कोणी बघेल म्हणून. मुलाचं इस्पितळ मला असमर्थ म्हणतं, आई मला हात देते. मी तिला काय म्हणणार? मी तिचा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवते, थोडा वेळ गप्पा मारते, आणि शीर वर येते. पण हे नर्सचं काम नाही, वहिनी. हे लपून केलेलं काम आहे. कोणाला उद्या काही झालं तर मी नर्स नाही, मी कोट विकणारी बाई आहे जिने सुई टोचली.

वाजू दे म्हटलं ना. बरं, घ्या, सांगा त्याला, बुरुल चहा पितेय, आलीच. — सांगितलंत? मेंढा ओरडतोय का? ओरडणारच.

तुम्हाला एक सांगते, दादाला सांगितलेलं नाही. या हिवाळ्यात मी त्या साहेबांकडे जाऊन आले. एकटी. तेच साहेब, तीच खोली, आता जिन्याला कठडा बसवलाय. म्हटलं, मला दुसऱ्यातून तिसऱ्यात टाका. ते चष्मा काढून बघत राहिले. म्हणाले, माझ्या नोकरीत वर चढायला आलेले खूप बघितले, इथे आंधळे होऊन येतात आणि बाहेर पडल्यावर पेपर वाचतात, पण खाली उतरायला आलेली तू पहिली. मग मी चालून दाखवलं. बसून दाखवलं, उठून दाखवलं, एका पायावर उभी राहिले, खोट्या. त्या लिहून घेणाऱ्या बाईने टाळीच वाजवायची बाकी ठेवली. साहेब म्हणाले, "तू करू शकतेस असं मी आज लिहिलं, तर उद्या कोणी विचारेल, करू शकत नाही असं तेव्हा कोणी लिहिलं. मी लिहिलं होतं. मग मला विचारतील, का लिहिलं." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मेंढा मी आणि त्यांनी मिळून चोरला होता. खाल्लेला मेंढा परत कसा बाहेर काढणार? मी उठले. जाताना म्हणाले, तुझा भाऊ भला माणूस आहे, त्याला म्हणावं ये कधीतरी. आणि तो गेला. मी नाही सांगितलं, तो आपणहून गेला, माझी कटकट मिटवायला. बघा, किती जुळून आलंय.

आता फरीदा खामितोव्ना. मागच्या महिन्यात त्या इथे आल्या. मी मान फिरवणार होते, पण दुकानात गिऱ्हाईक आलं की मान कशी फिरवायची? कोट घ्यायचा होता. मी माप घेतलं, बारीक झाल्या आहेत. आरशात माझ्याकडे न बघता म्हणाल्या, इंजेक्शनच्या खोलीतली बाई मुलाकडे रशियात चालली, बसून करायचं काम आहे. मी म्हटलं, दाखला तोच आहे. त्या म्हणाल्या, "दाखला वर्षाचा असतो. तू तपासणीला गेलीच नाहीस तर तो कागद मरतो. मग माझ्यासमोर जी उभी राहील ती जरा पाय ओढणारी नर्स. तिला मी एक महिना बघेन. पडलीस तर परत पाठवेन, आणि पेन्शनही गेलेली असेल, हे तुझं तू बघ." कोट घडी करून घेतला, पूर्ण पैसे दिले, सूट मागितली नाही, आणि गेल्या. बघा — गोड एक शब्द नाही. मेंढा नाही. पडलीस तर परत पाठवेन.

समजलं ना आता? आज तिकडे गेले तर जन्मभर असमर्थ, दादाच्या कृपेने, आणि मेंढा वाया. नाही गेले तर कागद मेला, आणि पेन्शनही मेली, आणि उरली फरीदाची खोली. माणूस समोर लागतो बोर्डाला, मेंढा एकटा चालत नाही, म्हणून तर तुम्हाला पाठवलंय. बोलू नका काही. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार — पडलीस तर? मी रोज पडत असते तर प्रश्न वेगळा होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी हे शटर अर्धं खाली ओढते आणि आत फेऱ्या मारते, काठीशिवाय, हातात ट्रे घेऊन, ट्रेमध्ये पाण्याने भरलेले पेले. परवा एक पेला सांडला. एकच. कोट घालून मारते फेऱ्या. माझ्या मापाचा एक बाजूला ठेवलाय, विकायचा नाही म्हणून. शेजारचा चपलावाला एकदा आत डोकावला, त्याला म्हटलं, माल बघतेय कसा बसतो. त्यालाही कळलं असेल. कळू दे.

मी घाबरलेली नाही असं म्हणत नाही. हात बघा, थंड आहेत. शीर शोधताना कधी थंड नसतात.

आणि दादावर राग नाहीये माझा. नाही, आहे. आहे, पण तो मेंढ्याचा नाही. त्याने मला त्या जिन्यावर पाठीवर घेतलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढं बरं वाटलं होतं की मी मनात म्हटलं, असंच असू दे. जन्मभर कोणीतरी उचलावं. त्याने ते ऐकलं असावं बहुतेक, आणि तेवढंच ऐकलं, आणि अजून तो तेच करतोय, डिकीत मेंढा घालून, कोणालाही न विचारता. त्याला जाऊन सांगायचं कसं की आता खाली ठेव? मला नाही जमणार. तुम्ही सांगा. तुमचं तो ऐकतो असं नाही, पण तुमच्यासमोर ओरडत नाही. सांगा, मेंढा घरी ने, कळपात सोड. मेंढ्याचा तरी यात काही दोष नाही.

पण आत्ता नका जाऊ. मी जाऊन येईपर्यंत दुकान कोण बघणार? फरीदाने आज अकराला ये म्हटलंय, आणि उशिरा आलेल्या बाईला ती बसायलाही सांगत नाही. तो कोट द्या इकडे, हां, तोच. मागून शिवण बघा, सरळ आहे? बघा नीट. — ठीक आहे. तर ऐका. लहान मापं डाव्या हाताला, मोठी उजव्या. टोप्या मागतील तर तुम्ही बसलाय त्याच गठ्ठ्यातून द्या, वरच्या नको, खालच्या कोऱ्या आहेत. पडद्यामागे कोणी आलं तर सांगा, एजे इस्पितळात भेटेल. असंच सांगा, इस्पितळात. भाव पाटीवर आहेत, कमी करू नका, रडलं कोणी तरी करू नका. आणि हिशोब खरा ठेवा वहिनी. मागे मी दात काढायला गेले होते आणि तुम्ही बसला होतात, तेव्हा संध्याकाळी गल्ल्यात विकल्यापेक्षा जास्त पैसे निघाले. नोटांना दुधाचा वास होता, तुमच्या दुधाच्या पैशांच्या पिशवीतल्या होत्या. आज तसं नको. जेवढं विकलं तेवढंच लिहा. काहीच विकलं नाही तर काहीच नाही, असं लिहा.